कोनाड्यातली वेणी

कोनाड्यात दोलोरेस माऊली, येशूची दुःखी आई, उभी होती आणि तिच्या खांद्यावरून पुढे आलेली वेणी सेल्साची होती. हे आधी सेल्साच्या मानेला कळलं. डाव्या कानाखाली, जिथं नऊ वर्षांची असताना कात्रीचं गार पातं टेकलं होतं, तिथं शिरशिरी आली आणि मग तिनं नीट पाहिलं. काळ्याभोर केसांमधून वाळल्या गवताच्या रंगाची एक बट वळणं घेत शेवटपर्यंत उतरली होती. अशी बट त्यांच्या साऱ्या घराण्यात कुणाला नव्हती. सेल्सा ती जन्मतःच घेऊन आली होती. सुईण म्हणाली होती, पोरीला देवानं खूण करून पाठवलंय, हरवली तर सापडेल. आता सेल्साचं डोकं कापसासारखं पांढरं होतं आणि ती खूण ह्या हातभर उंचीच्या लाकडी बाईच्या अंगावर उरली होती, जिला अकरा वर्षांपूर्वी आईच्या शवपेटीत आईच्या कुशीत ठेवून पुरलं होतं. निदान थोरल्या बहिणीनं, ओर्लिंडानं, फोनवर तसं सांगितलं होतं. त्या वेळी रातोनच्या घाटात बर्फ पडून रस्ता बंद झाला होता, सेल्साची डेन्व्हरहून येणारी बस अर्ध्या वाटेत अडकली आणि ती सांता फेला पोचली तेव्हा आईवर माती पडून एक दिवस झाला होता. कबरीवरचा बर्फ हातमोज्यानं झटकत ती थोरल्या बहिणीला म्हणाली होती, "बरं केलंस लिंडा, माऊली तिच्याजवळ दिलीस." आणि लिंडानं मान हलवली होती.

खरं तर ती ह्या घरात शिरणार नव्हती. कॅन्यन रोडवरची सगळीच घरं आता चित्रांची दुकानं झाली होती, त्यात आपलंही एक, एवढं तिला ठाऊक होतं. आई गेल्यावर घराचे कागद डेन्व्हरला टपालानं आले तेव्हा तिनंच सह्या करून पाठवले होते. ओर्लिंडानं काल बसस्टँडवरून तिला घरी नेताना मुद्दाम लांबचा रस्ता घेतला होता. "तिकडं नको जाऊस. उगाच जीव तुटेल," ती म्हणाली होती, आणि मग सवयीनं, "शिवाय चढ आहे. तुझ्या छातीला सोसायचा नाही." पण आज सकाळी ओर्लिंडा गुडघ्यांच्या व्यायामाला गेली आणि सेल्साचे पाय आपोआप पाटाच्या कडेनं चालत निघाले. पाटात पाणी थोडं होतं, पिवळी पानं जास्त. हवेत भाजक्या मिरचीचा वास होता. सप्टेंबरात हे गाव सकाळपासून रात्रीपर्यंत मिरच्याच भाजत असतं. फाटकाशी ती घुटमळली. फाटक तेच, निळा रंग नवा. आपल्याच घरात जायला लाजायचं कसलं, असं म्हणून ती आत गेली, आणि चुलीच्या जागी ब्राँझचा एक घोडा पाहून तिला आधी हसूच आलं. बापाला घोड्यांचा तिटकारा होता. छताचे वासे तेच होते, गोल, काळपट. भिंतींच्या मातीत गवताच्या काड्या तशाच चमकत होत्या. आई आणि तिच्या जावा दर उन्हाळ्यात ह्या भिंती हातानं लिंपायच्या आणि लिंपताना शेजारणींची उणीदुणी काढायच्या. ह्या भिंतीत सगळ्या गल्लीच्या भानगडी लिंपल्यात, असं बाप म्हणायचा. आता तिथं रंगांचे मोठमोठे चौकोन टांगले होते. आणि आईच्या खोलीत, कोनाड्यात, ही.

"बघा, बघा. संकोच करू नका," मागून आवाज आला. दुकानाची मालकीण, मॅरियन नावाची, उंच, गोरी, दोन्ही मनगटांवर चांदी आणि फिरोजाची कडी. "ह्या बाई विकायला नाहीत बरं का. घराबरोबरच आल्या. आम्ही त्यांना हलवलंसुद्धा नाही. केस खरे आहेत, तुम्ही जवळून बघा. माणसाचे."

"कुणाचे?" सेल्सानं विचारलं. आपला आवाज बराच साधा आला ह्याचं तिला नवल वाटलं.

"ह्या घरातली एक लहान मुलगी होती. नऊ-दहा वर्षांची. तापात गेली बिचारी. आईनं तिची वेणी कापून माऊलीला लावली आणि जन्मभर रोज संध्याकाळी विंचरली. ऐकून लोक रडतात इथं उभे राहून, खरंच सांगते."

"गेली म्हणजे… मेली?"

"हो ना."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"घराच्या किल्ल्या द्यायला आल्या होत्या ना, त्या बाईंनी. त्या मुलीची थोरली बहीण. फार कडक बाई. पण हे सांगताना तिचाही आवाज फिरला."

सेल्सानं कोनाड्याच्या कडेला हात टेकला. कडा गुळगुळीत होती, आईच्या हातांनी गुळगुळीत झालेली. तिच्या मनात आलं, आपण आता काही बोललो तर ही बाई किंचाळेल. मेलेली माणसं दुकानात येऊन भाव विचारत नसतात. ती "छान आहे" एवढंच म्हणाली आणि बाहेर पडली, आणि बाहेर ऊन इतकं स्वच्छ होतं की तिला त्याचाही राग आला.

मेली असती तर गोष्ट निराळी होती. सेल्सा ज्या गोष्टीवर उभी होती ती बरोबर उलटी होती. ती जगली होती, आणि ती वेणी जगण्याची किंमत होती. हे तिला इतक्या वेळा सांगितलं गेलं होतं की ते आठवण म्हणून आठवायचं की प्रार्थना म्हणून, हेही आता कळत नव्हतं. ती नऊ वर्षांची, मार्च महिना, छातीवर कांद्याचा लेप, आईच्या खोलीतलं अंथरूण. आई कात्री घेऊन काठावर बसलेली. "हिता, पोरी माझे, माऊली तुला न्यायला आलीय. मी तिला म्हटलं, पोरीचं सगळ्यात लाडकं जे असेल ते घे, पण पोर मला ठेव. देशील ना? हसत दे. रडून दिलेलं माऊलीला पोचत नाही." आणि सेल्सा हसली होती. दात दाखवून हसली होती, मान पुढे करून, गार पातं कानाखाली टेकलं तरी हसत राहिली होती. त्यानंतर तिला पाटात उतरायची मनाई झाली. डोंगरावर जायची मनाई झाली. दर रविवारी वरच्या क्रिस्तो रेच्या चर्चला सगळी भावंडं कॅन्यन रोड चढत पळत जायची आणि सेल्सा बापाच्या ट्रकमध्ये, गळ्याला मफलर गुंडाळून, काचेतून त्यांच्या टाचा बघायची. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी तिला पुढं शिकायला पाठवा म्हणून आईकडे दोनदा खेटे घातले. आई म्हणाली, परत मिळालेलं लेकरू मी डोळ्याआड करत नसते. मग त्याच आईनं डेन्व्हरहून आलेल्या त्रांकिलिनोला होकार दिला, कारण तो शांत होता, वयानं मोठा होता आणि बायकोला जपेन म्हणाला होता. "माऊलीनं तुला मला दिलं आणि मी तुला ह्याला देते," आई म्हणाली, आणि ज्याला आयुष्य उसनं मिळालंय त्यानं सावकाराशी हुज्जत घालायची नसते. सेल्सा गेली. त्रांकिलिनो माणूस चांगला निघाला, हे तिचं नशीब. मांसाच्या कारखान्यातून यायचा, तासभर हात धुवायचा, मगच तिला हात लावायचा. मूल नको असं तिनंच सांगितलं. आईनं लग्नाच्या आदल्या दिवशी कानात सांगून ठेवलं होतं, की ह्या छातीला बाळंतपण झेपायचं नाही, एकदा माऊलीनं वाचवलं, दुसऱ्यांदा मागायला तोंड नको. शेजारच्यांच्या पोरांसाठी त्रांकिलिनो लाकडाचे ट्रक कोरायचा. एकदा डेन्व्हरच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरनं तिची छाती बराच वेळ ऐकून नळी बाजूला ठेवली आणि म्हणाला, "बाई, तुमची फुप्फुसं खेचराची आहेत. डोंगर चढा." ती घरी येऊन हसत हसत त्रांकिलिनोला म्हणाली होती, बघितलंस माऊलीची कृपा. आणि त्या रात्री माऊलीच्या नावानं एक मेणबत्ती जास्त लावली होती.

ओर्लिंडा तिला दुपारी वाणसामानाच्या दुकानाबाहेर भेटली, मिरच्या भाजतात तिथं. जाळीचं मोठं पिंप गॅसच्या भडक्यावर गरगरत होतं, आत मिरच्या तडतडत काळ्या पडत होत्या आणि रांगेतली सगळी माणसं डोळे पुसत एकमेकांशी ओरडून बोलत होती. ओर्लिंडा रांगेत सगळ्यांत पुढे, ट्रकच्या किल्ल्या बोटात फिरवत. सत्तरीला टेकलेली, गुडघे गेलेले, पण भुवया अजून कोरून काळ्या केलेल्या. "आलीस? मी दोन पोती सांगितलीत. एक माझं आणि एक तुझं. इथं राहायला आलीस की हिवाळाभर पुरतील," ती आवाज चढवून म्हणाली. "आणि तू आलीस की पोसोलेचं कालवण तू करायचं, माझ्या हातची चव गेलीय, सगळे तोंडावर सांगतात मेले." ह्यासाठीच सेल्सा तीन दिवसांसाठी आली होती. दोघी एकट्या. त्रांकिलिनो जाऊन दोन वर्षं झाली, ओर्लिंडानं लग्न केलंच नव्हतं, भाऊ एलोय केव्हाच गेला. गावाच्या दक्षिणेला ओर्लिंडाचं पत्र्याचं फिरतं घर होतं, जे कधीच कुठं फिरलं नाही, आणि त्यातली मागची खोली तिनं सेल्सासाठी निळी रंगवून घेतली होती. हो की नाही, ते रविवारी बस धरायच्या आत सांगायचं ठरलं होतं. काल रात्री त्या निळ्या खोलीत पडल्या पडल्या सेल्साच्या मनात हो आलंही होतं. भिंतीपलीकडे बहिणीच्या घोरण्याचा आवाज येत होता आणि तो तिला बरा वाटला होता.

पोती ट्रकच्या मागे टाकून दोघी आत बसल्या. वाफ पुढपर्यंत येत होती. ओर्लिंडानं किल्ली लावली तेव्हा सेल्सा म्हणाली, "मी घरी जाऊन आले."

"कुणाच्या?"

"आपल्या."

"ते आपलं नाही. तिथं आता घोडे विकतात."

"माऊली आहे तिथं. कोनाड्यात."

ओर्लिंडानं किल्ली परत फिरवली. ट्रक एकदा हिसका देऊन गप्प झाला. बाहेर पिंप गरगरत होतं. "बसूनच राहायचं होतं ना घरी," ओर्लिंडा म्हणाली. "सांगितलं होतं मी."

"तू सांगितलंस आईबरोबर पुरली."

"सांगितलं."

"खोटं."

"खोटं. मग? तू बर्फ झटकत उभी होतीस तिथं रडव्या तोंडानं. सांगू काय तुला, की ती घरातच आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही? एक लक्षात ठेव, सेल्सा. मी तिला विकली नाही. कुणाकडून छदाम घेतला नाही. किल्ल्या दिल्या आणि तिला सोडून बाहेर पडले, बस्स."

"का पण?"

"का!" ओर्लिंडानं स्टिअरिंगवर तळवा आपटला आणि हॉर्न वाजला, रांगेतल्या दोन-तीन जणांनी वळून बघितलं. "मी आईचं हगणं-मुतणं काढलं. मी. तू नाताळला कार्ड पाठवायचीस. रोज संध्याकाळी मी तिच्या मागं बसून तिचे पांढरे केस विंचरायची आणि ती पुढं मांडीवर तुझी वेणी घेऊन विंचरत बसायची. शेवटी शेवटी तर मला मोलकरीण समजायची. 'ए बाई, सेल्साची वेणी सुटलीय, फीत आण.' माझं नाव गेलं, पण तुझी फीत तिला आठवायची. त्या बाहुलीला घेऊन मी कुठं जाऊ? पुन्हा रोज डोळ्यांसमोर? किल्ल्या घेणारीनं विचारलं, केस कुणाचे. म्हटलं, बहिणीचे, लहानपणी मेली. झालं. पुढं तिनं काही विचारलं नाही."

"मी मेले म्हणून सांगितलंस."

"बरं वाटलं मला सांगताना. खरं सांगते. घटकाभर फार बरं वाटलं."

सेल्साच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मिरचीचं होतं की कशाचं, ते तिलाही कळेना. तिच्याजवळ एकच गोष्ट धरून ठेवण्यासारखी होती आणि ती तिनं पुढं केली. "लिंडा, तू कशीही वाग. पण तिनं मला जीवदान दिलं होतं. माझ्या जिवाच्या बदल्यात गेलेले केस आहेत ते. ते असे दुकानात…"

आणि ओर्लिंडा हसली. वाईट हसली नाही. थकून हसली, बसस्टँडवर फार वेळ बसलेली माणसं हसतात तशी. "जीवदान! अगं बये, तुला सर्दी झाली होती."

पिंपाचा गॅस कुणीतरी बंद केला. एकदम शांत झालं आणि ओर्लिंडाचं पुढचं सगळं बोलणं त्या शांततेत, हळू आवाजात झालं. एलोय व्हिएतनामला लढाईवर होता. नाताळापासून त्याचं पत्र नव्हतं. "आईनं नवस केला. पोरगा परत येऊ दे, घरातल्या कुमारिकेचे केस देते. आधी माझ्याकडेच आली कात्री घेऊन. मी सोळा वर्षांची. त्या वर्षी फिएस्ताच्या, गावजत्रेच्या मिरवणुकीत राणीच्या मागं चालायला माझी निवड झाली होती, डोक्यावर कंगवा खोचून. मी म्हटलं, मेले तरी देणार नाही. आत्याकडे पळून गेले. चार दिवसांनी आले तर तुझं डोकं बोडकं आणि वेणी माऊलीच्या पाठीवर. तू अंथरुणात बसून शेंबूड पुसत हसत होतीस."

"पण मला सांगितलं असतं… भावासाठी मी दिले नसते का?"

"दिले असतेस. पण रडली असतीस. केसांवर जीव होता तुझा. आणि रडून दिलेलं पोचत नाही. आईनं विचार केला, स्वतःच्या जिवासाठी पोर हसत देईल. सर्दी आयतीच झाली होती."

"आणि नंतर? एलोय आला परत. तेव्हा का नाही सांगितलं?"

ओर्लिंडानं पुढच्या काचेवरची वाफ बाहीनं पुसली. "नंतर तू इतकी गुणी झालीस, की कुणाला ते मोडवेना. हाक मारली की यायचीस. नको म्हटलं की थांबायचीस. असं लेकरू कुणाला नको असतं? मला तर वाटायचं, तुला माहीत असेल. मनातून माहीत असेल."

मनातून. सेल्सा त्या दुपारी आणि सबंध शनिवारभर मनातून काय माहीत होतं ते चाचपत राहिली. शनिवारी ओर्लिंडानं तिला चौकात नेलं, जणू काही झालंच नाही. गव्हर्नरच्या जुन्या वाड्याच्या ओसरीत पुएब्लो जमातीच्या बायका भिंतीला पाठ लावून, पुढं कांबळी अंथरून आपले दागिने मांडून बसल्या होत्या आणि बाहेरगावचे लोक वाकून वाकून बघत होते. ओर्लिंडा एका ओळखीच्या म्हातारीशी उभी राहून गुडघ्यांबद्दल बोलत होती. जेवताना खानावळीतली पोरगी विचारायला आली, लाल मिरची की हिरवी, आणि ओर्लिंडा म्हणाली, हिला दोन्ही दे, ही माहेरी आलीय. सगळं कानावर पडत होतं. आणि आत, एखाद्या चित्राचं तोंड भिंतीकडून खोलीकडे फिरवावं तशी एकच आठवण सेल्सा फिरवून बघत होती. त्या घरात देवांना शिक्षा व्हायची. वस्तू हरवली आणि सापडली नाही की आई संत आंतोनियोचं तोंड भिंतीकडे करून ठेवायची; सापडली की परत सरळ. पोरं हसायची, आई हसायची नाही. पण माऊलीला कधी कुणी हात लावला नव्हता. एकदाच. सेल्साला ते नेहमीच आठवत होतं: माऊली कोनाड्यात भिंतीकडे तोंड करून, पाठीवर जुने, विटके, घोड्याच्या शेपटीचे केस. मी आजारी पडले म्हणून आई माऊलीवर रुसली होती, असं ती त्रांकिलिनोला सांगायची, आणि तो मान डोलवायचा. आता तिनं ती आठवण पुन्हा पाहिली तर त्यात ती स्वतः उभी होती. खांद्यावर दप्तर होतं. बुटांना बाहेरचा चिखल होता. छातीवर कांदा नव्हता, अंगात ताप नव्हता, आणि ती दारातूनच ओरडून विचारत होती, "आई, माऊलीनं काय केलं गं?" आणि आईनं स्वयंपाकघरातून ओरडून सांगितलं होतं, "शाळेला जा." रुसवा तिच्या तापासाठी नव्हता, एलोयच्या न आलेल्या पत्रासाठी होता. दप्तर इतकी वर्षं तिथंच होतं. तिनंच ते पाहिलं नव्हतं. मग तिला त्रांकिलिनोचे लाकडी ट्रक आठवले. शेजारच्यांच्या पोरांनी ते मोडून टाकले की तो दुसरे करायचा. एक मात्र त्यानं कुणाला दिला नव्हता, तो अजून डेन्व्हरच्या कपाटात वरच्या फळीवर होता, निळ्या चाकांचा. तिनं ताटातली मिरची तशीच सोडली. ओर्लिंडा म्हणाली, "का गं, तिखट लागली?" सेल्सा म्हणाली, "हो."

आईचा तिला राग येत होता, पण त्या रागाला बसायला जागा मिळेना. मेलेल्या माणसाशी भांडायचं म्हणजे दोन्ही बाजूंनी आपणच बोलायचं. एलोयवरही येईना, तो बिचारा परत आला आणि मरेपर्यंत दारू पीत घरातल्या जुन्या कोचावर पडून राहिला, त्यालाही कुणी विचारलं नव्हतं कुणाच्या केसांवर यायचंय. ओर्लिंडावर येत होता, पण ओर्लिंडा समोर बसून तिच्यासाठी तोर्तियाच्या पोळ्या मऊ कपड्यात गुंडाळून ठेवत होती आणि रंगवलेल्या खोलीबद्दल एक शब्द काढत नव्हती. ती घाबरली होती. भुवया काळ्या करूनसुद्धा ते दिसत होतं.

रविवारी बसला निघताना सेल्सा म्हणाली, "वाटेत घराशी थांब. दोन मिनिटं." ओर्लिंडानं ट्रक कॅन्यन रोडला घेतला आणि निळ्या फाटकाशी उभा केला. दुकानात गर्दी होती. कुठल्याशा बाहेरगावच्या दोन जोडप्यांना मॅरियन घोड्याबद्दल सांगत होती. सेल्सा सरळ आईच्या खोलीत गेली. माऊलीचं तोंड लहानसं, गालांवर रंगानं काढलेले अश्रू, डोळे खाली. ह्या डोळ्यांना ती जन्मभर भ्यायली होती आणि जन्मभर ह्यांचे आभार मानत आली होती, आणि ह्यांनी तिला कधी काही दिलंही नव्हतं आणि कधी काही मागितलंही नव्हतं. "तुझा काय दोष म्हणा," ती हळूच म्हणाली. मग दोन्ही हातांनी तिला कमरेशी धरलं, आई धरायची तसं, आणि तिचं तोंड भिंतीकडे फिरवलं. मूर्ती वाटली त्यापेक्षा हलकी होती. वेणी घसरून पाठीवर आली आणि पिवळी बट उजेडात लखलखली. सेल्साला सुटल्यासारखं वाटलं. आता बघ भिंतीकडे. सगळं सापडेपर्यंत बघ.

"अरेच्चा!" मॅरियन दारात होती, मागे ती जोडपी. सेल्सानं हात मागे घेतले. पण मॅरियन रागावली नव्हती. मान वाकडी करून बघत होती. "मला हे इतक्या वर्षांत कसं सुचलं नाही? सगळे केसांबद्दलच विचारतात, आणि मी चेहरा दाखवत बसलेय. राहू दे, राहू दे तसंच." ती मागच्यांकडे वळली. "खरे केस आहेत. ह्या घरातल्या एका लहान मुलीचे, जी तापात…" आणि त्यांतली एक बाई हलकेच "ओह" म्हणाली आणि तिनं नवऱ्याचा हात धरला.

"ती मेली नाही," सेल्सा म्हणाली.

"कोण?"

"ती मुलगी. मी आहे ती. माझे केस आहेत ते. ही बट माझी आहे, जन्मापासूनची." आणि तिनं डावा कान पुढं दुमडून डोकं वाकवलं, त्या सगळ्या अनोळखी माणसांपुढं, कात्रीपुढं वाकवलं होतं तसं, आणि बोटांनी केस बाजूला केले. सगळे केस पांढरे होते. बट कुठं होती ते तिला तरी कुठं दाखवता येत होतं.

मॅरियननं तिच्या दंडावर हात ठेवला. मऊ हात होता. "ही गोष्ट लोकांना फार लागते हो," ती म्हणाली. "मागेही एक बाई म्हणाल्या होत्या, माझ्या आजीचे आहेत म्हणून. बसता का थोडं? पाणी देऊ?"

सेल्सा बाहेर आली ती ट्रककडे गेली नाही. उजवीकडे वळली आणि रस्ता चढायला लागली. मागे ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला आणि मग तो तिच्या बाजूनं रांगत येऊ लागला, काच खाली. "सेल्सा, कुठं निघालीस? बस चुकेल." ती चालत राहिली. डाव्या-उजव्या हाताला दुकानं, घंटा टांगलेली दारं, अंगणांत लोखंडाची झाडं. मग दुकानं विरळ झाली आणि नुसत्या मातीच्या भिंती लागल्या, भिंतींवरून डोकावणारी सफरचंदं. इथवर ती कधी पायी आली नव्हती. "अगं, मी काय म्हणते ते ऐक तरी. राहू नकोस हवं तर. नको राहूस. पण शिव्या दे, काहीतरी बोल." चढ उभा होत गेला. सेल्सानं पाय उचलले. ज्या टाचा ती ट्रकच्या काचेतून बघायची त्या आपल्या पुढं पळताहेत असं तिला वाटलं आणि तिनं वेग वाढवला. "हळू गं!" ओर्लिंडा काचेतून ओरडली, घाबऱ्या घाबऱ्या, खऱ्या काळजीनं, "हळू, तुझी छाती…"

आणि ओर्लिंडा बोलता बोलता थांबली. ट्रकही थांबला. सेल्सानं वळून पाहिलं तर ओर्लिंडानं दोन्ही हात तोंडावर घेतले होते आणि तिच्या कोरलेल्या भुवया तेवढ्या वर दिसत होत्या. सेल्सा परत फिरली नाही. वरच्या टोकाला, क्रिस्तो रेच्या दाराशी, ती उभी राहिली आणि छातीवर हात ठेवून वाट बघत राहिली. धाप लागेल, कळ येईल, निदान खोकला तरी येईल. तिच्या आईनं सांगितलेलं काहीतरी, एवढंसं तरी, खरं निघेल. खालून गावाचा धूर वर येत होता आणि छाती शांतपणे वर-खाली होत होती. तिला दम लागला नव्हता.